शंभरावर तीन फेरे

मामा गेले तो बुधवार होता. सकाळी अकरा वाजता तिरुच्चीच्या कॉलेजात फोन आला. मी बस धरली आणि दीड वाजता तंजावरला पोहोचलो.

माझ्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या भेटीत विकत घेतली नाही. अपवाद फक्त मामींचा, आणि त्याचेही त्यांच्याकडे स्पष्टीकरण होते: "तिथें तपासणी वडिलांनी आधीच करून ठेवली होती." मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. कावेरीकाठच्या बाजारांतून तीस वर्षे तराजूंच्या काट्यांकडे बघत फिरल्यामुळे त्यांची मानही किंचित एका बाजूला कलली होती. जणू जगाचे दुसरे पारडे खाली येण्याची ते वाट पाहत होते. निवृत्तीनंतर खाते सुटले, पण तपासणी सुटली नाही. चप्पल घ्यायची तर ती पायात घालून ते दुकानातल्या दुकानात तासभर येरझाऱ्या घालीत. छत्री घेतली तेव्हा दुकानदाराला त्यांनी रस्त्यावर आणून वरून घागरभर पाणी ओतायला लावले. दुकानदार इतका वैतागलेला होता, की त्याने आपणहून दुसरी घागरही ओतली. मामा कोरडे बाहेर आले आणि म्हणाले, "कापड चांगलें आहे. उद्या येऊन मूठ बघतों." लग्नाच्या पंगतीत तूप वाढणाऱ्याच्या पळीकडे त्यांनी एकदा पाहिले, तर त्या बिचाऱ्याने घाबरून त्यांना तीनदा तूप वाढले.

घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. आम्ही तिथले मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी आलो आणि राहिलो. घरात मराठी, दारात तमिळ, कचेरीत इंग्रजी. मामांना देवनागरी वाचता येत नसे. ते मराठी तमिळ अक्षरांत लिहीत आणि त्याचे त्यांना मुळीच वैषम्य नव्हते. "भाषा आपली आहे, अक्षरें शेजाऱ्यांची आहेत. शेजाऱ्यांनी कधीं परत मागितलीं नाहींत," असे ते म्हणत. मला आजोबांनी बाळबोध वळण शिकवले, म्हणून हे मी या लिपीत लिहू शकतो. मामांना ते वाचता आले नसते, आणि वाचून दाखवले असते तर प्रत्येक वाक्याचे वजन त्यांनी पुन्हा करून पाहिले असते.

मामींचे वडील तिरुवैयारूला हरिकथा करीत. त्यांची एकच तबकडी निघाली होती. मद्रासच्या कुणा छोट्या कंपनीने थोड्याच प्रती काढल्या, कंपनी बुडाली, आणि आमच्या ओळखीत तेवढी एक प्रत उरली, ती मामींकडे. मामांच्या घरी प्लेअर कधीच नव्हता. समोरच्या डॉक्टरांकडे होता. वर्षातून एकदोनदा मामी तबकडी पदराखाली धरून तिकडे जात आणि अप्पांना, म्हणजे वडिलांना, ऐकून येत. मग डॉक्टर बंगलोरला मुलाकडे राहायला गेले. प्लेअर गेला, अप्पांचा आवाजही गेला. त्याला दहा वर्षे झाली होती.

मामांनी प्लेअर घ्यायचे ठरवले तेव्हा देशाची दारे नुकतीच उघडली होती. घरोघरी रंगीत टीव्ही येत होते, गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा फोनबूथ झाला होता आणि प्लेअर मात्र सगळे विकून टाकत होते. "घ्यायची हीच वेळ," मामा म्हणाले. मर्यादा तीन हजारांची. एक जाड वही घातली, तीत प्रत्येक मशीनला एक पान, आणि त्या पानाची मांडणी स्थळाच्या पत्रिकेसारखी: जन्म कुठला, आधीच्या घरी किती वर्षे होते, स्वभाव कसा, दोष कोणते. एका पानावर तमिळ अक्षरांत मराठी शेरा होता: "दिसावयास बरें, पण घराणें गरम होतें." घराणे म्हणजे मोटर.

त्यांच्या परीक्षा तीन. पहिली सुईच्या भाराची. जगात एकच प्रत उरलेल्या तबकडीवर जड सुई फिरली तर ती गाणे खरवडून काढील, ही त्यांची भीती खरीच होती. त्यासाठी ते सोनाराचा छोटा तराजू नेत; एका पारड्यात सुई टेकवायची, दुसऱ्यात गुंजा, त्या लालकाळ्या बिया. अठरा गुंजांच्या वर सुई गेली की मशीन बाद. दुसरी परीक्षा वेगाची. फिरत्या चकतीच्या काठावर कागदाचा कपटा ठेवायचा आणि हातात घड्याळ धरून फेरे मोजायचे. तीन मिनिटांत बरोबर शंभर. नव्याण्णव झाले तर मामा दुकानदाराकडे असे बघत, की जणू त्याने दूध पातळ करून विकले आहे.

तिसरी परीक्षा बाहुलीची. आमच्याकडे मान डोलावणाऱ्या बाहुल्या करतात. लगद्याच्या, रंगवलेल्या, टिचकी मारली तरी डोके आणि कंबर वेगवेगळी हलतात. मामींच्या रुखवतातली तशी एक बाहुली पिशवीत घालून मामा दुकानोदुकानी नेत. मशीन चालू करून बाहुली त्याच्या पेटीवर ठेवायची. मान हलली की मोटर थरथरते आहे, म्हणजे ती थरथर सुईत उतरणार. तत्त्व चोख होते. अडचण एवढीच, की त्या बाहुलीला जन्मच मान हलवण्यासाठी मिळाला होता. बाहेरून बस गेली तरी ती हलायची. तिरुच्चीच्या एका दुकानात मी बरोबर होतो. बाहुली झोकात डोलत होती. दुकानदार शांतपणे म्हणाला, "सार, तुमची बाहुली दहा मिनिटं हो हो म्हणते आहे. तुम्हीच नाही म्हणता." मग त्याने कपाटातून चकचकीत चांदीच्या रंगाची थाळी काढली. "हे घ्या, सार. सीडी. सुई नाही, झीज नाही, बाहुलीही लागत नाही."

मामांनी ती थाळी दोन्ही बाजूंनी निरखली आणि परत दिली. "माझे सासरे हिच्यावर नाहींत," ते म्हणाले.

अशी दोन वर्षे गेली. दर अर्थसंकल्पाच्या दिवशी मामा रेडिओला कान लावून बसत. आयात स्वस्त होईल, मग त्याच पैशात आणखी चांगले मशीन येईल, म्हणून थांबत. मद्रासला तीन खेपा झाल्या. सिंगापूरहून सुटीवर आलेल्या परक्या माणसालाही ते बसथांब्यावर गाठून प्लेअरचे भाव विचारीत. वहीची एकेचाळीस पाने भरली. पहिल्या पानावरचे मशीन गल्लीच्या टोकाला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अय्यांकडे होते. सुईचा भार सतरा गुंजा, बाहुलीची मान जवळजवळ स्थिर. पण तीन मिनिटांत फेरे एकशे तीन. मोटरच्या दांड्यावरची पितळी टोपी केसभर जाड होती, म्हणून चकती जरा जोरात फिरे. ती घासून आणायला तिरुच्चीच्या लेथवर आठ दिवस लागतील, असे अय्या म्हणाले होते. मामांनी पानावर फुली मारली होती.

त्या वर्षी पोंगलला मी गेलो तेव्हा जेवणात भाताची पेज झाली होती. मामा मुकाट्याने जेवले. मी ताट ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर मामी कुकरकडे बघत उभ्या होत्या.

"शिट्ट्या कळत नाहींत रे आतां," त्या म्हणाल्या. "डावा कान गेला. उजवाही फार दिवस राहणार नाहीं, असें कानाच्या डॉक्टरांनी सांगितलें."

"मामांना ठाऊक आहे?"

"डावा ठाऊक आहे. उजव्याचें सांगूं नको. ते त्याचीही परीक्षा घेत बसतील."

मी सांगणार नव्हतो. मी भांडणारा माणूस नाही; ग्रंथपाल आहे, हळू बोलणे हीच माझी नोकरी. पण चारच्या सुमाराला ओसरीवर आलो तर मामा वही उघडून बसले होते. म्हणाले, "बजेट व्हावयास दीड महिना आहे. तोंवर थांबलों तर—"

"मामा," मी म्हटले, "तुम्ही मशीन निवडाल तोवर मामींचा दुसरा कान जाईल. मग अप्पा कोण ऐकणार? बाहुली?"

मामांनी वही मिटली. मान नेहमीसारखीच एका बाजूला होती, पण डोळे काट्यावर नव्हते. मग उठून सदरा घातला आणि पिशवी घेऊन गेले. तराजू कोनाड्यात राहिला. बाहुली रेडिओवर राहिली.

अर्ध्या तासात ते पहिल्या पानावरचे मशीन घेऊन आले. मागोमाग अय्या, दोन्ही हातांत स्पीकर. "दोन वर्षं कापडाखाली ठेवलं होतं," अय्या मला म्हणाले. "मला माहीत होतं, सार सगळा देश बघून इथंच येणार." जोडणी करून ते चहा न घेता गेले; मामांनी विचार बदलण्याआधी निघावे असे त्यांना वाटले असावे. मामांनी खिशातून पॉलिश पेपरची घडी काढली. लेथची वाट न बघता टोपी आपल्याच हाताने, थोडी थोडी घासून, रोज फेरे मोजत ते शंभरावर आणणार होते. "आज असेंच ऐकूं," ते म्हणाले. "उद्या दुरुस्त करतों."

मामींनी देव्हाऱ्याखालच्या कपाटातून तबकडी काढली आणि मामा जागच्या जागी थांबले. काळ्या तबकडीच्या काठावर रुपयाएवढा चंदनाचा जाड टिळा होता, मध्ये कुंकू.

आमच्याकडे सरस्वतीपूजेला घरातली पुस्तके, वीणा, कामाची हत्यारे, सगळी मांडतात आणि चंदनकुंकू लावतात. मामांची पितळी वजनेही त्यात असत. तबकडीचे पाकीट वाळवीने खाल्ल्यापासून मामी टिळा थेट तबकडीलाच लावीत होत्या. दहा वर्षे, त्याच जागी.

"हें काय?" मामा म्हणाले.

"दरवर्षीं लावतें. तुमच्या वजनांना लावतें तेव्हां विचारलेंत कां?"

"वजनें मी दुसऱ्या दिवशीं पुसतों."

"तीं वजनें आहेत. हें अप्पांचें कपाळ आहे. मी कां पुसूं?"

दोन वर्षे मामांनी देशातली यंत्रे तपासली होती आणि घरातली तबकडी एकदाही कपाटातून काढून पाहिली नव्हती. ओल्या मलमलीने दोघांनी मिळून टिळा उतरवला. वरचा निघाला, रेघांत बसलेला राहिला. मामी उजवा कान स्पीकरकडे करून खुर्चीत बसल्या. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. मामांनी सुई टेकवली.

आधी खरखर, मग टक्. पुन्हा टक्. चंदनाच्या जागेवरून सुई गेली की दर फेऱ्याला एक टक्. आणि त्या टकटकीच्या मागून, टाळ सावरत, अप्पांचा आवाज आला. कावेरीकाठचे हेल लागलेली आमची मराठी. मी मामींकडे बघत नव्हतो, मामांकडे बघत होतो. त्यांच्या डाव्या हातात घड्याळ होते आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता. ते टक् मोजत होते. मोजू नये म्हटले तरी त्यांना जमले नसते. तीन मिनिटे झाली. अंगठा थांबला, कपाळावर आठी आली आणि हात खिशातल्या पॉलिश पेपरवर गेला.

तेवढ्यात मामी म्हणाल्या, "हीच." कानाने कमी ऐकणारी माणसे बोलतात तशा थोड्या मोठ्याने म्हणाल्या. "हीच अप्पांची श्रुती, हाच सूर. डॉक्टरांच्या मशीनवर ते आजारी असल्यासारखे गात. मला वाटायचें, मीच विसरलें."

मामांनी त्यांच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"तूं मोजलेस कां?" त्यांनी हळूच विचारले.

"नाही," मी म्हटले.

"सरि, बरें," मामा म्हणाले. "मीही नाहीं मोजले."

तीस वर्षांत कुणाच्या मापातला गुंजेएवढा फरकही त्यांनी सोडला नव्हता. कोणता वेग खरा, ते मला आजही माहीत नाही. डॉक्टरांचे मशीन मंद असेल, कंपनीने तबकडीच मंद काढली असेल, किंवा मामींना जे ऐकायचे होते ते ऐकू आले असेल. अप्पांना समोर बसून ऐकलेले माणूस त्या घरात एकच होते, आणि मामांनी त्या साक्षीवर शिक्का मारला.

मामींनी पुढचे सात महिने रोज ऐकले. मग त्या उजवा हात पेटीवर ठेवून बसू लागल्या. म्हणत, कळते थोडे. त्या वर्षी सरस्वतीपूजेला मामांनी वजनांशेजारी तबकडी स्वतः मांडली आणि टिळा मधल्या कागदी गोलावर लावला. मामींनी ते पाहिले. "कपाळ काठावर असतें," त्या म्हणाल्या, आणि काठावर, रेघांच्या बाहेर, आणखी एक बारीकसा लावला. मामांनी तो कधी पुसला नाही.

मामी गेल्यावर मामा संध्याकाळी साडेपाचला तबकडी लावीत. मी कधी गेलो तर शेजारी बसे. ते घड्याळ घेत नसत, पण अंगठा पेरांवर चाले. शंभरानंतर ते जरा थांबत आणि उरलेले तीन फेरे डोळे मिटून ऐकत. बाहुली रेडिओवरच होती. पंख्याच्या वाऱ्याने तिची मान हले आणि मामा तिला आता काही विचारीत नसत.

प्लेअर आता माझ्याकडे तिरुच्चीला आहे. पॉलिश पेपरची घडी त्याच्या झाकणात आहे, न वापरलेली. मी काल मोजले. तीन मिनिटांत एकशे तीन फेरे होतात.