नऊ मीटर तीस सेंटिमीटर

चूक माझ्या हातची आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी उकरून काढायला नको.

आमच्या ह्यांची होडी माझ्या सासऱ्यांनी बांधून घेतलेली. होडी बांधणारे सुतार लांबी मोजतात ती पुढच्या टोकापासून, बाजूच्या फळीवरून, पोटाची गोलाई धरून, पार मागच्या टोकापर्यंत. फळी किती लागली ते त्यावरून कळतं. धक्क्यावर सगळे तशीच मोजतात. सरळ टेप धरणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. सहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की सगळ्या होड्यांची नव्याने नोंद करा. घरात अक्षर माझं बरं, म्हणून अर्ज घेऊन मी खिडकीशी बसले. हे बाहेर टेप घेऊन उभे.

"किती?" मी ओरडले.

"नऊ तीस!" आवाजात अशी ऐट, जशी काही लेकीची उंची सांगतायत. मी लिहून मोकळी झाले.

नऊ मीटरच्या वर गेली की ती मोठी होडी, आणि मोठ्या होडीला किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत जाळं टाकायला बंदी. हे आम्हाला कळलं परवाना हातात पडल्यावर.

आता समुद्राची वाटणी सांगते. मला ती पाठ व्हायला दोन वर्षं लागली. धक्का नगरपालिकेचा. होडी कुठे बांधायची, मासळी कुठे उतरवायची, ते ती ठरवणार. धक्का सोडला की बारा मैलांपर्यंतचं पाणी राज्य सरकारचं. त्यातले पहिले पाच मैल लहान होड्यांना, पुढचे सात मोठ्यांना. बाराच्या पलीकडे केंद्र सरकार. आणि खुद्द होडी, म्हणजे तिची लांबी-रुंदी आणि नंबर, केंद्राच्या कायद्याखाली. पाणी एकाचं, होडी दुसऱ्याची, धक्का तिसऱ्याचा. माशांना कुणी काही विचारलं नाही ते बरं, नाहीतर त्यांनाही तीन प्रतींत अर्ज भरावा लागला असता.

ह्यांचा खडक तीन मैलांवर. "ह्यांचा" म्हणते, कारण सासऱ्यांनी ह्यांना जाळं टाकायला तिथेच शिकवलं, आणि चाळीस वर्षं हे दुसरीकडे कुठे फिरकले नाहीत. लग्नानंतर एकदा मलाही घेऊन गेले होते. मी होडीच्या कडेला धरून ओकतेय, आणि हे आपले पाण्याखालचा एकेक दगड दाखवतायत, जसा काही मला दिसतोय! "हा बसका. ही फट. इथे थंडीत मासळी येऊन थांबते बघ." इतका बोलणारा माणूस मी परत कधी पाहिला नाही.

परवाना आल्यावर रोज त्याच खडकावरून पुढे जायचं, जाळं गुंडाळून. जायला मनाई नव्हती, टाकायला होती. तुरटी मला सांगायचा की खडक आला की हे इंजिन हळू करतात, आणि ओलांडला की पुन्हा सोडतात. तुरटी म्हणजे ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र. तोंड कायम वाकडं, म्हणून ते नाव. त्याची होडी साडेसात मीटरची. तो खडकावर खुशाल बसलेला असायचा आणि ह्यांना हात करायचा. हे त्याच्याकडे बघायचे नाहीत.

ह्यांची सत्तरी जवळ आली. पाच मैलांपलीकडच्या लाटा ह्या वयात गुडघ्यांना झेपत नाहीत. खडकावर मात्र ऐंशीपर्यंत जाता आलं असतं. म्हणजे प्रश्न साधा होता: लांबी दुरुस्त झाली तर ह्यांचं समुद्रावर जाणं राहील, नाहीतर संपलं. आणि घरी बसलेला हा माणूस मला ठाऊक आहे. दोन दिवसांत सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून होतं, आणि मग नुसतं खिडकीशी बसणं.

म्हणून मी कंबर कसली. राज्याच्या मत्स्य कार्यालयात एक चष्मेवाला कारकून, स्वभावाने गरीब. म्हणाला, "बाई, लांबी आमच्याकडे नसते. आम्ही फक्त पाणी बघतो." केंद्राच्या कार्यालयात म्हणाले, आधी राज्याचा अभिप्राय आणा. अभिप्राय आणला, तर म्हणे होडी पाण्याबाहेर काढून मोजावी लागेल, आणि धक्क्यावर होडी ओढायला नगरपालिकेची परवानगी हवी. चार वर्षं खेटे घातले मी. चपला झिजल्या म्हणतात ना, माझ्या खरोखर झिजल्या.

ह्या सगळ्यात ह्यांनी एकदाही म्हटलं नाही की तूच लिहिलंस. अहो, म्हणायचं ना! भांडण तरी झालं असतं. मला नवरा-बायकोच्या भांडणाचीही ओढ लागली होती, इतकं घर गप्प झालं होतं.

शेवटी केंद्राचा मोजणीदार आला. त्याने पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत हवेतून सरळ टेप ताणला. आठ मीटर सत्तर. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

"साठ सेंटिमीटर कापले तिचे," म्हणाले.

"कापू द्या!" मी म्हटलं. "तुमचा खडक मिळाला ना?" मला तर नाचायचं बाकी होतं.

नवा दाखला घेऊन मी दुसऱ्याच दिवशी चष्मेवाल्यासमोर. त्याने वाचला, मान हलवली. "छान. लहान होडी झाली. म्हणजे आता पाचच्या पुढे नाही जाता येणार. मोठा परवाना जमा करा." मी आनंदाने केला. "आणि लहानाचा द्या," मी म्हटलं.

तो जरा वेळ कागदच चाळत राहिला. "बाई, पाच मैलांच्या आत होड्या वाढवायच्या नाहीत, असा मागच्या वर्षी आदेश निघालाय. मासळी कमी झालीय ना. कुणी जागा सोडली तर यादीतून देतात. तुमचा नंबर बेचाळिसावा."

"मग आमच्या होडीने जायचं कुठे?"

त्याने खरंच विचार केला, खोटं कशाला बोलू. "बाराच्या पुढे केंद्राला विचारून बघा," म्हणाला, आणि लगेच, "पण एवढ्या लहान होडीला ते नाही सोडणार."

मी होडीला समुद्रच ठेवला नव्हता. दोनदा चूक, दोन्ही वेळा माझ्याच हाताने. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठले, तेलाची बाटली घेतली, आणि मागच्या दाराकडे गेले.

आठवडा असाच गेला. मग तुरटी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "माझे डोळे गेलेत रे. जागा सापडत नाही. तू दाखव, जाळं मी ओढतो."

"तुझ्या होडीत? सामान म्हणून?"

"सामान गप्प असतं. तू खडकावर कुठला गप्प बसणार!"

हे नाहीच म्हणत होते. तेव्हा मात्र माझा पारा चढला. "आता ह्या घरात एकही बिजागरी कोरडी उरलेली नाही! जा म्हणते ना!" गेले.

दुपारी परतले तेव्हा टोपली भरलेली होती. तुरटीचं तोंड पहिल्यांदा सरळ दिसलं. म्हणाला, "ह्याने एकेक दगड बरोबर सांगितला." हे घरी आले, हातपाय धुतले, पंचा खांद्यावर टाकून बसले.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं.

"खडकावरून आपली होडी दिसते," म्हणाले. "धक्क्याला बांधलेली. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं. कसं असणार, मी तिच्यातच बसलेला असायचो."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते संपवलं.

"उद्या जाणार?"

"जाईन," म्हणाले. "धक्क्याकडे पाठ करून बसेन."