पाहुण्यांसाठी मांडलेलं घर

अमरावतीतल्या एका छोट्या संस्थेत माझं काम म्हणजे अर्ज लिहिणं. गरिबांच्या घरांसाठी निधी देणाऱ्या ट्रस्टांना आणि कंपन्यांना. लोक विचारतात, तुम्ही घरं बांधता ना? मी म्हणते, नाही हो, मी घरं मागते. मागण्याचीही एक भाषा असते, आणि ती इतकी गुळगुळीत असते की माझाच अर्ज वाचून मला कधी कधी मळमळतं. ‘शाश्वत निवारा’ म्हणे! मे महिन्यात पत्र्याखाली भाजून निघणाऱ्या माणसाला निवारा शाश्वत हवा की नुसता हवा, हे विचारायला त्या भाषेत जागा नसते.

अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मजुरी करणाऱ्या बौद्ध कुटुंबांची एक वस्ती आहे. सगळी घरं पत्र्याची. कचेरीत वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर राहत्या जागा त्यांच्या नावावर झाल्या, पण अट अशी की ठरल्या मुदतीत पक्कं बांधकाम सुरू करायचं, नाहीतर जागा परत. मजुरीवर चूल पेटायची, घर कशातून बांधणार? म्हणून मुंबईच्या एका ट्रस्टकडे मी अर्ज केला.

वस्तीतली एक बाई माझ्याच वयाची. हंगामात कापूस वेचायला जायची, एरवी मिळेल ते काम. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. उन्हाळ्यात पत्रा तापला की ही तिला उचलून बाहेर निंबाखाली खाटेवर निजवायची आणि ऊन उतरलं की परत आत आणायची. “मले काई बंगल्याची हौस नाई ताई,” ती मला म्हणाली होती. “बुढी आज ना उद्या जाईनच. पण पत्र्याखाली भाजून नाई मरू द्याची मले तिले.” हे वाक्य मला अर्जात घालायचं होतं. शब्दमर्यादेत बसलं नाही.

ट्रस्टची माणसं पाहणीला यायची ठरली. मी बाईला फोन करून सांगितलं, मुंबईचे साहेब येताहेत, तुमचं घर पाहतील. आणखी काही सांगावं असं मला वाटलंच नाही.

आम्ही पोचलो तर अंगणात सडा, दारात रांगोळी, जमीन ताजी सारवलेली. आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. कोपऱ्यात कूलर, फळीवर स्टीलचे डबे ओळीनं, टीव्ही, प्लॅस्टिकच्या कोऱ्या खुर्च्या, सासूच्या खाटेवर फुलाफुलांची चादर. सगळ्या वस्तीत ज्याच्याकडे जी एक चांगली वस्तू होती, ती त्या दिवशी या घरात आली होती. आमच्या वऱ्हाडात मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की असंच करतात. शेजारच्या कपबश्या, पलीकडच्या खुर्च्या, कुणाचा गालिचा. एका घराची अब्रू ती सगळ्यांची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. साहेबांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, “बहुत अच्छा रखा है घर” म्हणाले. बाईचा चेहरा उजळला. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं.

गाडीत मी साहेबांना समजावलं, यातलं काहीही तिचं नाही. ते गोड हसले. निधी मागणारे काय वाटेल ते सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं.

काही दिवसांनी नकार आला. गरजेची तीव्रता तुलनेनं कमी आढळली. हे सांगायला मीच गेले. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

“म्हंजे घर सारवलं म्हणून?” बाईनं विचारलं.

मी नकाराचं पत्र घडी घालून पिशवीत ठेवलं.

“मंग काय उकिरड्यावर बसवाचं होतं का पाहुण्यायले?”

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. कंडक्टरनं तिकीटसुद्धा हळू आवाजात विचारलं.

मुदत संपत आली होती. मी एका कंपनीकडे नवा अर्ज केला. तिथेही दार बंद झालं असतं तर तिसरं दार नव्हतं. त्यांचीही पाहणी ठरली, तेव्हा मी बाईला पुन्हा पुन्हा बजावलं, या वेळी काही मागून आणू नका, जसं आहे तसंच राहू द्या. ती नुसती हो म्हणाली.

या खेपेला अंगण झाडलेलंसुद्धा नव्हतं. आत सारवण खुरप्यानं उकरून काढलेलं, भांडी गायब, फळी रिकामी. भिंतीवर बुद्धाची तसबीर तेवढी होती. आणि खाट नव्हती. सासू खाली पोत्यावर पडली होती, वर पत्रा तापलेला, आणि तिला निंबाखाली न्यायचं त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि मुद्दाम नेलं नव्हतं. बाई छपराच्या लाकडी मेढीला टेकून उभी, माझ्याकडे बघेना. खाट तिची स्वतःची होती. तीही तिनं लपवली होती. मला तिचा राग आला, माझा आला, आणि कंपनीच्या फोटो काढणाऱ्या साहेबांचा तर सगळ्यात जास्त आला. साहेब समाधानानं फोटो काढत होते. त्यांना मराठी येत नव्हती.

म्हातारीनं डोळे उघडले, माणसं पाहिली आणि सुनेवर खेकसली, “अवं, पाहुणे उभे हायेत न! खुर्ची काहून नाई दिली? अन् माई खाट कुठी नेली? काल त होती.”

बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

“क्या कह रही हैं?” साहेबांनी मला विचारलं.

“पानी माँग रही हैं,” मी म्हणाले.

बाई लगबगीनं कोपऱ्यातल्या मडक्याकडे गेली. घरात उरलेला एकुलता एक पेला भरून तिनं सासूच्या तोंडाशी धरला. म्हातारीनं तो हातानं दूर सारला, साहेबांच्या दिशेनं.

“मले नाई,” ती म्हणाली. “पयले त्याइले दे.”