शिल्लक राहिलेली आज्ञा

कारखान्यात तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणायचे. खाली औषधाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं ठोकणारी छत्तीस मशिनं, आणि वरच्या काचेच्या खोलीत त्यांना हुकूम सोडणारा एक मोठा कॉम्प्युटर. कामगारांनी त्याचं नाव ‘थोरले’ ठेवलं होतं. थोरल्यांनी सांगायचं, मशीनने ‘मिळालं’ म्हणायचं, काम उरकलं की ‘झालं’ म्हणायचं. या टपालावर लक्ष ठेवणं ही तिची नोकरी. अठरा वर्षं तिने ती डोळ्यांत तेल घालून केली. नवरा चिडवायचा, "मशिनांची पोच तुला लगेच लागते. आमच्या हाकेला मात्र तुझी पोच नाही."

बाई मुळातच भित्री. गॅस बंद केलाय ना, हे बघायला जिन्यावरून दोनदा परत जाणारी. अशा बाईनेच धाकट्या भावाला नको ती खोड लावावी, म्हणजे कमालच.

भाऊ खाली चार नंबरच्या मशीनवर होता. दोन मुलांचा बाप, पण तिच्या लेखी अजून शेंबडाच. तिच्याच शब्दावर कामाला लागलेला. प्रत्येक मशीनला एक किल्ली असते. एकीकडे फिरवली की मशीन थोरल्यांचं ऐकतं, दुसरीकडे फिरवली की फक्त समोरच्या माणसाचं. आत हात घालण्याआधी ती फिरवायचीच, असा नियम. पण किल्ली फिरली रे फिरली की वर चुगली जाते: कोणी थांबवलं, किती मिनिटं. मग संध्याकाळी साहेब झाडाझडती घेतात. एकदा भाऊ अगदी रडकुंडीला आला, तेव्हा तिनेच सांगितलं, "अरे, किल्लीला हातच लावू नकोस. थोरल्यांकडून येणारी मागची तार उपट. वर नुसतं ‘बोलत नाही’ असं दिसतं. खापर तारेवर फुटतं."

त्यात तेव्हा धोका नव्हता. तार नसली की मशीन गप्प बसायचं, आणि न पोचलेला हुकूम थोरले टाकून द्यायचे. बघता बघता सगळेच तार उपटायला लागले.

मग एका आठवड्यात थोरल्यांची कामाची पद्धत बदलली. तसा कागदही आला होता. तो दोन दिवस तिच्या चहाच्या कपाखाली पडून होता.

दुपारी तीनच्या सुमाराला पडद्यावर ओळ आली: चार नंबर बोलत नाही. झाकण अडकलं असेल, काढतोय, असं म्हणून तिने ती सोडून दिली. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली. अशी ओळ तिने अठरा वर्षांत पाहिली नव्हती. ‘चार नंबर, सुरू करा. आज्ञा शिल्लक. संपर्क होताच पाठवली जाईल.’

तिने कपाखालचा कागद ओढला, वाचला, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. भाऊ तार लावेल आणि त्याच क्षणी ठोका पडेल. तेव्हा हात बाहेर असेलच कशावरून?

तिने आज्ञा पुसायला घेतली. थोरल्यांनी उत्तर दिलं, मशीनची पोच आल्याशिवाय आज्ञा रद्द होत नाही. खाली फोन लावला, तर त्या गोंगाटात घंटा वाजून वाजून थांबली. काचेतून पाहावं तर मधे खांब. जिना बेचाळीस पायऱ्यांचा. आणि पाठीमागच्या भिंतीवर छत्तीस तारांची एकच पेटी, दांडा ओढला की सगळ्या एकदम बंद. तिच्या दांड्याला साहेबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. मागे एकाकडून तो चुकून ओढला गेला होता. तो माणूस पुन्हा कामावर दिसला नाही.

तिने दांडा ओढला.

वळून पाहिलं तर पडदा कोरा. तिला आता कळायला मार्गच नव्हता. दांडा ओढायच्या आधी तो हुकूम गेला होता की राहिला होता? खाली एकेक मशीन हातातलं काम संपवून गप्प होत गेलं. ती जिना उतरत होती आणि कान किंकाळीकडे लागले होते. किंकाळी आली नाही, म्हणून तिला धीरही आला नाही. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

खांबाच्या पलीकडे भाऊ मशीनला चिकटून उभा होता.

"बरी आलीस, ताई! तुझे थोरले गेले की काय? तीनदा तार लावून बघितली, दिवा काही हिरवा होत नाही."

त्याचा डावा हात मागे तारेवर होता. उजवा कोपरापर्यंत आत.

"झाकण सुटतच आलंय," तो म्हणाला. "म्हटलं, तोवर तार लावून ठेवू. वेळ वाचेल."

"हात काढ," ती म्हणाली. दुसऱ्यांदा ती इतक्या मोठ्याने ओरडली की त्याने दचकून हात बाहेर घेतला. तेलाने माखलेला तो हात तिने धरला, बोटं मोजली, पुन्हा मोजली. मग किल्ली स्वतः फिरवली आणि तिथेच फरशीवर बसली. काय झालं असतं ते तिने सांगितलं. तो पांढराफटक पडला.

वरून साहेबांचा आवाज आला, "कारखाना कोणी बंद पाडला?"

भाऊ वाकून कुजबुजला, "ताई, तारेवर ढकल. तूच तर शिकवलंस."

ती उठली. कठड्याला धरून वर गेली. नोंदवहीत तिने आपलं नाव लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात तार उपटायला कोणी शिकवलं तेही लिहिलं. भावाच्या हाताचं तेल तिच्या बोटांवरून कागदाला असं लागलं की पहिल्यांदा लिहिलेलं कुणालाच वाचता येईना. तिने ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं.