मेथीच्या पाण्याने धुतलेली दाढी

नवऱ्याची दाढी कशाने धुवावी, हा प्रश्न बाईला पडू नये. मला पडला आणि बरीच वर्षं पुरला. आता म्हणे दुकानात दाढी धुवायची वेगळी बाटली मिळते. आमच्या वेळी साबण होता, सोडा होता आणि माझं डोकं होतं. तेही चौथीपर्यंत शिकलेलं.

लग्न होऊन मी इंदूरला आले तेव्हा आमचे हे मिलमध्ये कताईला होते. दाढी रोज सकाळी घोटलेली, मिशी मात्र जाड. पाळी संपवून घरी येत तेव्हा मिशीत, भुवयांत, कानाच्या केसांत रुई बसलेली असायची. मी दारातूनच म्हणायची, "आले आमचे म्हातारे." मग ते मोरीत बसून बेसनाने मिशी चोळायचे आणि पुन्हा जवान होऊन चहाला यायचे. आम्हा दोघांत चेष्टा म्हणून एवढीच होती. मिल बंद झाल्यावर तीही संपली.

मिल काही एका दिवसात बंद झाली नाही. आधी रात्रपाळी गेली, मग एकेक खातं बंद पडलं आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. त्यातलं राजकारण मला कळत नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. भोंगा वाजला नाही, एवढं मला कळलं. आमच्या चाळीत बायका घड्याळ बघत नसत. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर पोरं शाळेला निघायची. त्या दिवशी अख्ख्या चाळीत चहा उशिरा झाला.

फाटकासमोर सभा झाली. आम्ही बायका मागे भिंतीला टेकून उभ्या होतो. पुढारी बोलले, टाळ्या झाल्या. मग एकदम आमचे हे उठले. घरात मीठ हवं असलं तरी बोटाने दाखवणारा हा माणूस. शेजारीण मला म्हणाली, "अगं, तुझे हे का उठले? पाणी हवंय का त्यांना?" पण ते बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलले.

"जब तक भोंगा नहीं बजेगा, मैं दाढ़ी को उस्तरा नहीं लगाऊँगा."

एवढंच बोलून खाली बसले. केवढ्या टाळ्या पडल्या! त्यांच्यामागे आणखी काही जणांनी तीच शपथ घेतली. मला वाटलं, महिन्याभराचं काम आहे. वस्तऱ्याचं पातं तेवढं वाचेल.

पुढे बाकीच्यांनी एकेक करून दाढ्या काढल्या. एकाच्या घरी भाच्याचं लग्न निघालं. एक जण राजवाड्याजवळच्या नव्या शोरूमच्या दारात वॉचमन झाला, तिथे दाढी चालत नव्हती. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "दादा, माझ्या बाजूला आणखी एक जागा आहे. खुर्ची मिळते बसायला, वर पंखा आहे. फक्त हे जंगल काढावं लागेल." हे म्हणाले, "तू कर बाबा. तुला पोरं लहान आहेत." त्याच्यावर रागावले नाहीत. कुणावरच रागावले नाहीत. मी दोन घरी पोळ्या लाटत होते, मला राग येत होता.

दाढी अशी वाढली की विचारू नका. राठ आणि कुरळी, खाली भुरी, कानाजवळ पांढरी. सगळे दिवस रिकामे आणि दाढी खाजणारी, तेव्हा हात सारखा तिथेच. एके दिवशी मी पाहिलं तर हनुवटीखालची कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सुटलेली. विचारलं, "हे काय केलंत?"

"धुतली."

"कशाने?"

"सोड्याने."

मिलमध्ये हाताचं यंत्राचं तेल काढायला धुण्याचा सोडा वापरायचे. सगळेच वापरायचे. हाताला घट्टे असतात, त्यांना काही होत नाही. ह्यांनी तोच सोडा कोमट पाण्यात कालवून रोज दाढीला चोळला. वर मलाच सांगतात, "यंत्राचं तेल निघतं त्याने, घामाची काय कथा?"

"तुमचं तोंड म्हणजे यंत्र आहे का?" मी म्हटलं.

दवाखान्यातला डॉक्टर ओरडला. सोडा बंद करा, सौम्य काहीतरी लावा, म्हणाला. सौम्य म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. तेव्हापासून दाढीचं काम माझ्याकडे आलं.

आधी अंगाचा लाल साबण लावून पाहिला. दाढी नारळाच्या शेंडीसारखी झाली. मग रिठा उकळला. मळ झकास निघाला, पण फेस डोळ्यांत गेला आणि ते दुपारभर रडत बसले. गल्लीत बातमी पसरली की अखेर हे मिलसाठी रडले. शिकेकाईने कोंडा गेला, पण सोललेल्या जागी अशी झोंबली की त्यांनी तांब्या फेकला. बेसन तर मिशीला सवयीचं होतं, पण दाढीत त्याच्या गाठी अडकल्या. शेजारणीने येऊन पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, आम्हाला सोडून भजी खाल्लीत काय?" दह्याने मऊ झाली, पण वास दोन दिवस गेला नाही आणि माशा बसू लागल्या.

त्याच सुमाराला दुकानांच्या दाराला शाम्पूच्या चकचकीत पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. मिलचा कापूस गेला आणि ह्या पुड्या आल्या. मल्हारगंजातल्या पंसाऱ्याकडे मी जडीबुटी घ्यायला जात असे. त्याच्या जुन्या दुकानातही माळ टांगलेली. मी म्हटलं, एक द्या.

"माई, ये तो लेडीज का है."

"दाढी को क्या मालूम लेडीज है के जेन्ट्स?"

"पर माई, दाढी किसकी है?"

"मेरी नहीं है, इतना समझ लो."

तो हसला आणि पुडी तोडून दिली. धुतली. काय मऊ झाली! पण वास मोगऱ्याचा. दुपारी हे नेहमीप्रमाणे मिलच्या फाटकावर जाऊन बसले. तिथे काही जुने कामगार रोज बसत, कुलपाकडे बघत. एक जण नाक वर करून म्हणाला, "क्यों भिया, आज कौन दुल्हन आई है?" सगळे हसले. हे घरी आले आणि पुढे बरेच दिवस त्यांनी दाढीला पाणी लावू दिलं नाही.

शेवटी मेथी लागू पडली. मेथ्या आदल्या दिवशी भिजवायच्या, वाटायच्या, पाणी घालून फडक्यातून गाळायच्या. पाणी बुळबुळीत होतं. त्यात रिठ्याचं पाणी थेंब-दोन थेंब, जास्त नाही. हे कातडीला लागत नाही, मळही राहत नाही. वर बोटभर तिळाचं तेल. कुणाला हवं असेल तर करून बघा. मी सगळं करून मग ह्याच्यावर आले.

दर रविवारी ते मागच्या अंगणात पाट घेऊन बसायचे, खांद्यावर जुना पंचा. मी समोर बसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी मी त्यांच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. आमच्यात तशी रीत नाही. आता दर रविवारी लावत होते, चारचौघींच्या देखत, आणि कुणी हसत नव्हतं, कारण ते काम होतं. ते डोळे मिटून घेत. कधीतरी मध्येच म्हणत, "आज सकाळी काही ऐकू आलं का गं?" मी म्हणायची, "नाही. मान वर करा."

मग पोरीला बघायला देवासहून पाहुणे आले. पोरगी आमची एकुलती एक, गोरीगोमटी, शिवणकाम येणारी. मी पोहे केले, वर शेव घातली. मुलाच्या आईने यांच्या दाढीकडे पाहिलं आणि पोह्याची बशी हातातच धरून बसली. मुलाच्या बापानेही चमचा उचलला नाही. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आपल्यात सुतकात दाढी करत नाहीत आणि सुतकाच्या घरचं कुणी खात नाही.

मुलाची आई हळूच म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे कुणी गेलंय का? आम्हाला आधी कळवायचं होतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे बोलले. "होय. मिल."

चेष्टा नव्हती. चेहरा अगदी सरळ. पाहुणे एकमेकांकडे बघत उठले. पोहे तसेच राहिले.

ते गेल्यावर मी ह्यांना सोडलं नाही. पोरगी आत पडदा धरून उभी होती, तिच्यादेखत बोलले. म्हटलं, "मेलेल्या माणसाचंसुद्धा सुतक तेराव्याला फिटतं. तुमचं हे किती वर्षं चालणार? मिल मेली. न्हाव्याला बोलावते, मोकळे व्हा."

ते पोह्यांकडे बघत होते. म्हणाले, "मेली असेल तर मला प्रेत दाखव. फाटक तसंच आहे. आत माझं यंत्र तसंच आहे. तेल घातलं की चालेल."

"आणि पोरीचं?"

त्यांचा हात दाढीवर गेला, जणू ती कुणी ओढून नेतंय.

पोरीचं लग्न झालं पुढे. ह्या दुसऱ्या मुलाचे वडील मिलमधलेच होते. दाढी बघून त्यांनी सुतक विचारलं नाही. म्हणाले, "अजून ठेवलीत? मी आठ दिवसांत काढली होती." आणि पोहे संपवले. लग्नाच्या सकाळी मी दाढी दोनदा धुतली. मांडवात ती चमकत होती.

त्यानंतर केव्हातरी मिलमधली यंत्रं भंगारात काढली. आमच्या गल्लीच्या तोंडावरून ट्रक गेले. यंत्रं घणाने फोडून भरली होती. हे दिवसभर फाटकावर उभे होते. परत आले तेव्हा दाढीत गंज बसला होता, तांबडा, बारीक. पूर्वी रुई बसायची तशीच. मला एकदम म्हणायचं होतं, आले आमचे म्हातारे. पण ते खरोखरचे म्हातारे झाले होते, म्हणून नाही म्हटलं.

पाटावर बसले. रविवार नव्हता. म्हणाले, "धू."

मेथी भिजवलेली नव्हती. नुसत्या पाण्याने धुतली. तांबडं पाणी गळ्यावरून पंच्यात उतरलं. मी म्हटलं, "बघितलंत ना प्रेत?"

"बघितलं."

"मग आता न्हाव्याला बोलावू?"

त्यांनी डोळे उघडले. "तो भोंगाही नेला गं. पत्रा म्हणून नेला, ट्रकमध्ये उलटा पडला होता. मी म्हटलं होतं, भोंगा वाजेपर्यंत. आता वाजणार कशाने?"

मी हात धुतले आणि आत गेले. दाढी काढायची तर भोंगा वाजायला हवा आणि भोंगा तर भंगारात गेलेला. त्यानंतर मी दाढी काढा असं कधी म्हटलं नाही. त्यांनी फाटकावर जाणंही सोडलं. तिथे बघायला काही राहिलं नव्हतं. ते ओसरीवर बसत, मी रविवारी दाढी धुवत असे. "काही ऐकू आलं का" हे मात्र त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ते गेले तेव्हा आजारी होते असंही नाही. सकाळी उठले नाहीत, एवढंच.

पुरुषमंडळी जमली. आंघोळ घालायची तयारी झाली. माझा भाऊ जवळ येऊन म्हणाला, "ताई, न्हाव्याला बोलावलंय. आता तरी साफ होऊन जाऊ दे त्यांना. ह्या दाढीपायी माणसाने काय कमी भोगलं?" मागून कुणीतरी म्हणालं, "हां जी, अब काहे की कसम."

न्हावी अंगणात येऊन उभाही राहिला होता, वस्तऱ्याची पेटी घेऊन. इतकी वर्षं मी ह्याच न्हाव्याची वाट बघत होते.

मी म्हटलं, "भोंगा वाजला का?"

भाऊ म्हणाला, "ताई, असं काय बोलतेस?"

"वाजला का ते सांग."

न्हाव्याने पेटी काखेत मारली आणि तो अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला. चांगला माणूस होता.

बाकी आंघोळ पुरुषांनी घातली. दाढी मी धुतली. बायकांनी पुढे येऊ नये असं कुणीतरी पुटपुटलं, पण मला कुणी अडवलं नाही. मेथी आदल्या दिवशीच भिजवलेली होती, कारण तो रविवार होता. मान मलाच वर करावी लागली. पुसली, तिळाचं तेल लावलं, विंचरली.

तेरावं झालं, पोरगी सासरी गेली, घर रिकामं झालं. पुढच्या शनिवारी हाताने आपसूक मेथ्या भिजत घातल्या. सकाळी वाडगं बघितलं तेव्हा कळलं. टाकून द्यायचं जिवावर आलं. फडक्यात बांधून ठेवल्या, मोड आले, उसळ केली. गूळ घालायचं राहून गेलं. बसून सगळी खाल्ली. कडू होती.