चार घरांची एक पावती

आमच्या गावात बियाणं आणायला चार घरांतून चार माणसं कधी गेली नाहीत. नांदगाव खंडेश्वरला जायचं ते बाबांनीच. चारही घरांच्या सोयाबीनच्या बॅगा गाडीत टाकायच्या आणि पावती फाडायची ती बाबांच्या नावावर. याचा त्यांना कोण अभिमान. पाकिटात ती पावती आईच्या फोटोच्या पुढे असायची आणि आईने त्यावरून त्यांना पुष्कळदा सुनावलंय.

तीन वर्षांपूर्वी ते बियाणं उगवलंच नाही. तालुक्याहून साहेब आले, पावती पाहिली, आमच्या वावराचा पंचनामा केला आणि निघाले. त्या चार घरांतलं एक शेजारच्या काकूचं; तिचं वावर आमच्या बांधाला लागून. काका गेल्यापासून ती एकटीच ते कसते. साहेबांनी पावती मागितल्यावर तिने बाबांकडे बोट दाखवलं. "मग तक्रारही त्यांचीच," साहेब म्हणाले. काकू आपल्या वावरात परत गेली. बाबा मात्र त्यानंतर महिनाभर तिच्या दारावरून जायचं टाळून मागच्या बोळीतून फिरत होते. माझा बाप कुणापासून तोंड चुकवताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या वर्षी पेपरात जाहिरात आली. निकृष्ट बियाण्याच्या भरपाईचं विधेयक विधानसभेत मांडलं गेलं होतं, तिथून ते आमदारांच्या समितीकडे गेलं होतं आणि समितीने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मी अकोल्याला शाळेत शिकवते. जठारपेठेत माझा मामा वकील आहे. त्याने विधेयकाचा मसुदा मिळवला आणि एका कलमावर बोट ठेवलं. पावती ज्याच्या नावावर, तक्रार फक्त त्यालाच करता येणार होती.

"जे बोलायचं ते आत्ता बोला," मामा म्हणाला. "एकदा कायदा झाला की मंग कोर्टात चपला झिजवत बसा."

बाबा आठ दिवसांनी अर्ज घेऊन आले. सहा पानं. पहिल्या दोन पानांत पावसाचा इतिहास, पुढे दुकानदाराचा उद्धार आणि शेवटी अख्ख्या गावाच्या सह्या. एक सही गावच्या शिंप्याची होती, ज्याला वीतभरही जमीन नाही.

"त्यालेही वाईट वाटलं नं," बाबा म्हणाले.

मामाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जवाईबुवा, सह्या कितीही असोत, समितीच्या हिशेबी हे एकच पत्र. आणि कोणतं कलम, त्यात काय बदल पायजे, हे यात कुठंच नाई."

"आमी वेगळंवेगळं कावून लिहू? आमचं म्हणणं तं एकच हाय."

मला हसू आवरेना. ज्या सवयीने पावती एक झाली, त्याच सवयीने पत्रही एकच झालं होतं. बाबा माझ्यावर चिडले, पण मुद्दा त्यांना कळला. मामाने एक वाक्य लिहून दिलं: या कलमात 'पावतीधारक' याच्यापुढे 'किंवा ज्याच्या शेतात ते बियाणं पेरलं गेलं तो शेतकरी' असे शब्द घालावेत. बाबा ते घेऊन चारही घरी गेले आणि त्या वाक्याखाली ज्याने त्याने आपली हकीकत आपल्या अक्षरात लिहिली. एकेक प्रत आमच्या भागाच्या आमदारांच्या कार्यालयातही दिली, कारण ते समितीत नसले तरी सभागृहात दुरुस्ती मांडू शकतात.

समितीने अमरावतीला लोकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं. बोलावणं आलं ते काकूला. बाबा दोन दिवस फुगून होते. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्यासोबत बसमध्ये बसले. मीही गेले.

एका आमदाराने तिला विचारलं, "पावती दुसऱ्याच्या नावावर ठेवता, उद्या तो नाही म्हणाला तर?"

"आजवर म्हटलं नाई, साहेब," काकू म्हणाली. "चार घरचे चार जण बियाणं आणाले गेले, तं वावरात कोण राहीन? आमी विश्वासानं एकाले पाठवतो. तुमच्या कायद्यानं तो विश्वास मोडू नये, एवढंच मागून राहिली मी."

मागच्या खुर्चीवर बाबा नाक शिंकरत होते. मला त्या क्षणी दोघांबद्दलही फार माया वाटली.

समितीचा अहवाल अजून आलेला नाही. त्यामुळे यंदा बाबा धास्तावले आणि त्यांनी दुकानातून चार नावांच्या चार पावत्या आणल्या. काकूची तिच्या हातात दिली.

"हे काय, भाऊजी?"

"कायद्याचं काई खरं नाई. असू द्या तुमच्याजवळ."

काकूने पावती वाचली, घडी घातली आणि परत केली. "मंग मी अमरावतीले जाऊन काय सांगून आली?"

बाबांनी ती पाकिटात घातली. दुसऱ्या दिवशी चारही पावत्या घेऊन ते पुन्हा दुकानात गेले, दुकानदाराची कुरकुर ऐकून घेतली आणि चारही घरांची मिळून एकच पावती करून आणली.

ती पावती काकूच्या नावावर आहे. यंदा आमच्या वावरात उगवलं नाही, तर साहेब पावती मागतील आणि बाबा तिच्याकडे बोट दाखवतील.