जिभेवरचं पान

लेक टाहो फोडून रडली तेव्हा सासूबाईंना तिच्या जिभेच्या टोकाला खाच दिसली. विड्याच्या पानाला देठाशी असते तशी. "अगं बाई, जिभेवर पान घेऊन आलीये! वैदिकाच्या घरात शोभली हो!" झालं, गंगेकाठच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीतल्या नात्यातल्या बायका बघायला हजर. पोर भुकेनं कळवळतेय आणि या कौतुकानं तिच्या तोंडात डोकावतायत!

मला मात्र पाजायचं म्हटलं की घाम फुटायचा. तिनं तोंड लावलं की कळ थेट मस्तकात जायची. दोन्हीकडे चिरा पडून रक्त येत होतं. ती चोखून चोखून दमायची, झोपायची, लगेच भुकेनं उठायची. "पहिलटकरणीचं असंच असतं, जरा सोस," सासूबाई म्हणायच्या. सोसतच होते की! पण तिचे गाल बसत चालले होते, लंगोट कोरडे निघत होते. मला तिला माझंच दूध पाजायचं होतं, आणि तिला ते मिळत नव्हतं. त्यात सोयर; बारशाआधी बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही.

सासऱ्यांनी जन्मभर मुलांना वेद शिकवले. पोथीत न बघता, नुसतं ऐकून भिंतीपलीकडची चूक पकडायचे. सोयर म्हणून पूजा बंद, मुलांना वेदाची संथा देणं बंद. बाहेरच्या खोलीत गप्प बसून असायचे. एका सकाळी दाराबाहेरून म्हणाले, "सूनबाई, हिचं रडणं ऐकू येतं, चोखणं ऐकू येतं. गिळणं ऐकूच येत नाही."

"मग बारशापर्यंत वाट बघायची का?" मी जवळजवळ ओरडलेच.

ते सरळ आत आले आणि माझ्या मांडीवरून तिला उचललं. "अहो, विटाळ!" सासूबाई किंचाळल्या.

"गंगा कुठं पळून चाललीये? करीन अंघोळ."

मीही उंबरा ओलांडून त्यांच्या मागोमाग निघाले. गल्लीच्या तोंडाशी टोटो रिक्षा मिळाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी मला पाजताना पाहिलं, मग तिच्या जिभेखाली बोट घातलं. "जीभ नीचे से बंधी है. उठ ही नहीं रही." म्हणजे ते पान नव्हतंच. जिभेखालचा पातळ पडदा तिचं टोक ओढून धरत होता!

छोटी कात्री, एक क्षण, रक्ताचा एक थेंब. तिचं रडणं संपायच्या आत त्यांनी तिला माझ्या कुशीत दिलं, तोंड मोठं उघडून कसं लावायचं ते दाखवलं. मी डोळे गच्च मिटले, दात आवळले. चिरा हुळहुळल्या, पण ती कळ आलीच नाही. आणि मग, गुट्. थांबून पुन्हा गुट्. देवा रे, एवढंसं तोंड आणि केवढी ती ओढ! माझ्या अंगातलं तिच्या अंगात चाललं होतं आणि मला ते ऐकू येत होतं. मी ढसाढसा रडले.

सासरे दवाखान्याच्या कापडी पडद्यापलीकडे उभे होते. खाली त्यांची पावलं दिसत होती, जराही न हलणारी. "बाबा, ऐकू येतंय ना?" मी विचारलं.

मग घोगरा आवाज आला, "बोलू नकोस, मुली. मी संथा घेतोय."