पिवळ्या पाखरांचं कापड

ओंगारच्या आमच्या घरात जिन्याखाली एक प्रेस आहे, म्हणजे कपाट. इथल्या आयरिश लोकांत राहून तोंडात हाच शब्द बसला. त्याचा खालचा खण ब्लाउजपिसांचा. हळदीकुंकवाला मिळालेली, कधीच न शिवलेली, पुढच्या बाईच्या ओटीची वाट बघणारी. त्याच खणात मी आंटींनी दिलेलं कापड ठेवलं. चूक माझीच. हे आत्ता लगेच कबूल करते, कारण तेव्हा मी घरातल्या प्रत्येकावर ओरडत होते.

आंटी म्हणजे मागच्या गल्लीत राहणाऱ्या, नायजेरियातून आलेल्या साठीच्या बाई. दर शनिवारी दुपारी त्या कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये त्यांच्याकडचे नाच शिकवतात. आधी त्यांच्या लोकांची इथे जन्मलेली मुलं यायची, मग दोन पोलिश बायका आल्या, मग मी. ऑफिसात बसून बसून पाठ धरली होती म्हणून गेले आणि पुढे एकही शनिवार चुकवला नाही. नाच मला अजून येत नाही. आंटी म्हणतात, "यू आर ग्रँड, छान जमतंय. फक्त पायांकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ."

उन्हाळ्यातल्या कार्यक्रमासाठी त्यांनी बहिणीकडून कापड मागवलं. गडद निळ्यावर पिवळी पाखरं. त्यांच्याकडे समारंभाला घरच्या सगळ्या बायका एकाच कापडाचे कपडे शिवतात. माझ्या हातात सहा वार ठेवून आंटी म्हणाल्या, "हे अंगावर असेल तीच रांगेत. ही घरच्यांची रांग आहे." मी गाडीत बसून चक्क रडले. या देशात इतक्या वर्षांत मला घरची कुणी म्हटलं नव्हतं.

मग सांगलीकडून आई आली. कार्यक्रमाला दोन महिने उरले, मी कापड शिवायला काढायला गेले, तर खणात नाही.

"तुझी ती मैत्रीण पैल्यांदा घरात आली हुती न्हवं, तिची ओटी भरली," आई म्हणाली. "त्या खणातलं द्यायचंच असतंय की."

सोफ्यावरून लेक म्हणाली, "मम, आंटी इज गोइंग टु किल यू."

मी फोन लावत सुटले. मैत्रिणीने ते वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या बहिणीला दिलं होतं. बहिणीने ते तिच्या कासलबारच्या मैत्रिणीला, तीही डॉक्टरच, डोहाळजेवणाला नेलं. दोघीही म्हणाल्या, "इतकं छान होतं गं, ठेवूनच घ्यावंसं वाटत होतं." पण ठेवलं एकीनेही नाही. मी आईवर चिडले, मैत्रिणीवर चिडले, ओटी भरण्यावरच चिडले. कासलबारच्या डॉक्टरीणबाई नुकत्या बाळंत झाल्या होत्या. "अहो, त्याची बाळाला कुंची शिवली," त्या म्हणाल्या. "मग दुपटी, मग पाळण्याचे पडदे. सासूबाई थांबेचनात. आता एक लांब पट्टी उरलीय फक्त."

दोन शनिवार मी हॉलमध्ये आंटींची नजर चुकवली. तिसऱ्या शनिवारी हॉल रिकामा झाल्यावर सगळं सांगितलं. ओटी म्हणजे काय हेही सांगितलं, आणि सांगताना माझं मलाच ते वेडगळ वाटलं. मला वाटलं, संपलं, आता आपण प्रेक्षकांत.

"मग आता ते घालतं कोण?" त्यांनी विचारलं.

"एक महिनाभराची मुलगी."

आंटी खुर्चीत बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. "म्हणजे माझ्या घरात बाळ आलं आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही? बोलव तिला. आणि ती पट्टी आण."

कार्यक्रमाच्या दिवशी डॉक्टरीणबाई, नवरा, सासूबाई आणि बाळ असे सगळे अख्खा देश ओलांडून आले. आंटींनी ती पट्टी माझ्या डोक्याला फेट्यासारखी बांधली, इतकी घट्ट की माझ्या भुवया वर चढल्या. बाकीच्या सगळ्या नखशिखांत पाखरांत आणि मी जुना पिवळा कुडता घालून रांगेच्या टोकाला. ढोल सुरू झाला. मी पायांकडे एकदाही बघितलं नाही. बाळ कुंची घालून नायजेरियन मावश्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरत होतं, आणि पहिल्या रांगेत आई टाळ्या वाजवत होती, तालाच्या बरीच पुढे. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

पुढच्या आठवड्यात आंटी दारात उभ्या राहिल्या. हातात त्याच पाखरांचे दोन गठ्ठे. बहिणीकडून पुन्हा मागवलेले. "हे तुझं," त्या म्हणाल्या. "आणि हे आईंचं. देऊन टाकायला."

"काय म्हनत्यात?" आईने विचारलं. मी सांगितलं. आईने कापड उलगडलं, त्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घडी घालून छातीशी धरलं.

"सांग त्यास्नी," ती म्हणाली, "ह्ये मी न्हाई कुनाला द्यायची."

खालच्या खणाकडे ती वळलीसुद्धा नाही. माझ्याकडे मापाची टेप मागितली.